जीभ घसरली म्हणून अर्ज मागे घ्यावा का?

प्रश्न : आमच्या वॉर्डातले एक इच्छुक कामाचे आहेत. ड्रेनेज तुंबलं तर रात्री अकराला येऊन उभे राहतात. पण माइक हातात आला की भलतंच काहीतरी बोलून बसतात. त्यांनी बाजूला व्हावं, असं आमच्या सकाळच्या पोहे-जिलेबीच्या कट्ट्याचं मत पडलं. तुमचं? (राजेंद्र नगर, इंदूर)

‘भलतंच’ म्हणजे काय, ते लिहायला हवं होतंत. सगळं त्यावरच आहे. आकडा चुकणं, नाव चुकणं, तोऱ्यात बोलणं ही एक जात. सप्टेंबर २०२३मध्ये इंदूर-१चं तिकीट मिळाल्यावर कैलास विजयवर्गीय भर सभेत म्हणाले, की लढायची आपली एक टक्काही इच्छा नव्हती. उमेदवारानं असं बोलतात का, भिया? पण मतदारांनी मनावर घेतलं नाही. ते ५७ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले.

दुसरी जात वेगळी. अमेरिकेत मिसुरी राज्यात २०१२ साली सिनेटचे उमेदवार टॉड एकिन म्हणाले, की ‘खरा’ बलात्कार असेल तर बाईचं शरीरच गर्भ राहू देत नाही. त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी माघार घ्या म्हणून धोशा लावला. ते हटले नाहीत, आणि हरले. तेव्हा माफी मागितली होती. दोन वर्षांनी, ती मागितली हेच चुकलं, असं सांगून मोकळे झाले! म्हणजे तोंडून निसटलं नव्हतं, मनातच तसं होतं.

तुमचे इच्छुक पहिल्या जातीचे असतील तर लढू द्या, भाषण दुसऱ्या कुणाला करू द्या. दुसऱ्या जातीचे असतील तर त्यांनी तिकीटच मागू नये.

प्रश्न : अशा बोलण्यानं उमेदवार खरंच पडतो का? (लष्कर, ग्वाल्हेर)

हे तुम्ही ग्वाल्हेरहून विचारावं? तुमच्या शेजारच्या डबऱ्याचीच गोष्ट. २०२०च्या पोटनिवडणुकीच्या प्रचारात, ऑक्टोबरमध्ये, काँग्रेसच्या कमलनाथ यांनी भाजपच्या उमेदवार इमरती देवींबद्दल हलका शब्द वापरला. देशभर गदारोळ झाला. आयोगानं त्यांचं स्टार प्रचारकपद काढलं, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. निकालात पडल्या कोण? इमरती देवीच, ७,६३३ मतांनी. बोललेलं वाईटच होतं, पण मतदार एवढ्या एका शब्दावर मत देत नाही.

प्रश्न : सासऱ्यांचा अर्ज मंजूर झाला आहे. एका भाषणावरून गहजब झाल्यापासून घरात रोज वाद. मुदत संपल्यावरही माघार घेता येते का? (रामबाग, इंदूर)

नाही, सूनबाई. लोकसभा-विधानसभेला लागू असलेल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३७ वाचा. शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत लेखी सूचना द्यायची; स्वतः, किंवा लेखी अधिकार दिलेल्या सूचकानं (अर्जात नाव सुचवणाऱ्यानं) अथवा निवडणूक प्रतिनिधीनं. एकदा दिली की ती परत घेता येत नाही. तीन वाजून गेले की नाव मशीनवर राहणार. पुढे पत्रकार परिषद घेऊन ‘मी नाही लढत’ म्हटलं तरी मतं मोजली जाणारच, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मिळाली नाहीत तर अनामत जाणार.

मुदतीत घेतलेली माघारही साधी गोष्ट नाही, हे इंदूरकरांना सांगायला नको. २९ एप्रिल २०२४ला, अगदी शेवटच्या दिवशी, काँग्रेसचे अक्षय कांती बम अर्ज मागे घेऊन भाजपच्या गोटात गेले. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता, कारण मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की पर्यायी उमेदवार अपक्षासारखा ठरतो, आणि अपक्षाला एक नाही, दहा सूचक लागतात. काँग्रेसला मतदान यंत्रावर माणूसच उरला नाही. ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली. भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी जिंकले. तिथे कुणाची जीभ घसरली नव्हती, तो मामला निराळा. पण ज्याला आपल्या पक्षाला मत द्यायचं होतं, त्याच्या हाती काहीच उरलं नाही. मला ते अजून सलतं. म्हणून सासऱ्यांना माझा सल्ला : मुदत उरली असेल आणि पक्षाचा दुसरा माणूस रिंगणात असेल, तरच माघारीचा विचार करा. नसेल तर उभे राहा आणि मतदारांना पाडू द्या.

प्रश्न : मग माफी मागितली की झालं? (दांडिया बाजार, वडोदरा)

कशी मागितली, ते बघू. अजित पवार एप्रिल २०१३मध्ये धरणातल्या पाण्यावरून इंदापूर तालुक्यात जे बोलले, त्यानंतर त्यांनी ती आपल्या राजकीय आयुष्यातली सर्वांत मोठी चूक असल्याचं कबूल केलं आणि कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर उपोषणाला बसले. आर. आर. (आबा) पाटलांनी २००८मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतरच्या एका वाक्यापायी गृहमंत्रिपद सोडलं. वर्षभरात, निवडणुकीनंतर, तेच खातं पुन्हा त्यांच्याकडे आलं. नुसतं ‘जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ असलं शेपूट लावलेल्या माफीला मी माफी म्हणत नाही. तुमच्या उमेदवाराच्या माफीनाम्यात हा ‘जर’ आहे का, तेवढं बघून कळवा.