मुदतीच्या कागदावरचा संसार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशातील तात्पुरत्या वास्तव्याचे नियम बदलू लागल्यापासून त्याविषयीची पत्रे आमच्याकडे वाढली आहेत. त्यांपैकी मराठवाड्यातून आलेली चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. १९९३ च्या भूकंपात आमच्या घरातील माणसे गेली आणि पुढे आम्ही पुनर्वसित गावात राहायला आलो. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपानंतर अमेरिकेने तेथे राहणाऱ्या नेपाळी लोकांना दिलेले संरक्षण काढून घेतले, असे वाचनात आले. दहा वर्षे झाली म्हणजे भूकंप संपला, असे समजायचे का? आणि भारतीयांना असे संरक्षण मिळते का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भारताचे नाव या संरक्षणाच्या यादीत आजवर कधीही आलेले नाही. हे संरक्षण, ज्याला तिकडे सगळे ‘टीपीएस’ म्हणतात, अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने निर्माण झाले. एखाद्या देशात युद्ध पेटले, नैसर्गिक आपत्ती आली किंवा तशीच असाधारण परिस्थिती ओढवली, तर अमेरिकेचे होमलँड सिक्युरिटी खात्याचे मंत्री त्या देशाची निवड ६, १२ किंवा १८ महिन्यांसाठी करतात आणि मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी पुढचा निर्णय घेतात. ठरलेल्या तारखेला जे अमेरिकेत आधीपासून राहत असतात, त्यांनाच ते मिळते. नंतर येणाऱ्याला मिळत नाही. संरक्षण मिळालेल्यांना देशाबाहेर काढले जात नाही आणि काम करण्याची परवानगी मिळते. मात्र केवळ याच्या जोरावर ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळत नाही, मग माणूस तेथे कितीही वर्षे राहिलेला असो.

आता नेपाळविषयी. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसे मरण पावली आणि त्याच वर्षी जूनमध्ये हे संरक्षण लागू झाले. ते बंद करण्याचा निर्णय २०१८ मध्ये एकदा झाला होता; तेव्हा लोकांना आवराआवर करण्यासाठी सुमारे वर्षभराची मुदत दिली होती आणि न्यायालयीन लढाईमुळे तो निर्णय अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये पुन्हा तोच निर्णय झाला, तेव्हा मुदत मिळाली ६० दिवसांची, म्हणजे ५ ऑगस्टपर्यंत. जुलैअखेरीस खालच्या न्यायालयाने निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने ती उठवली. काम करायला जायचे की घरी बसायचे, हे हजारो कुटुंबांना त्या काही आठवड्यांत दोनदा नव्याने ठरवावे लागले.

आपण विचारता तो अर्थ कायद्याच्या भाषेत खरा आहे, कारण कायदा एवढेच विचारतो की, तो देश आपली माणसे परत घेण्याइतका सावरला आहे का. परत जाणाऱ्या माणसाला तिथे घर आहे का, रोजगार आहे का, हे तो विचारत नाही. या दोन प्रश्नांत किती अंतर असते, ते आपण स्वतः पाहिले आहे. किल्लारी परिसरातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, घरांचा ताबा दिला गेला आणि शासनदरबारी पुनर्वसन पूर्ण झाले. पण ज्या घरातील कर्ती माणसे गेली, त्या घराची घडी सरकारी फायलीवरच्या तारखेला बसली नाही.

संरक्षण संपते म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हेही सांगायला हवे. कामाच्या परवान्याच्या कार्डावर एक तारीख असते. त्या दिवशी मालकाला कागद पुन्हा तपासावे लागतात आणि नवा कागद नसेल तर माणसाला कामावरून कमी करावे लागते. अशा लोकांचा गाडी चालवण्याचा परवानाही बहुतेक वेळा वास्तव्याच्या मुदतीशी बांधलेला असतो, त्यामुळे तोही संपतो. आणि ज्या गावात बस नाही, तेथे परवाना गेला की मुलाला शाळेत सोडणे आणि आजारी माणसाला दवाखान्यात नेणेसुद्धा अडते. याच दहा वर्षांत तेथे जन्मलेली मुले जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. त्यामुळे एकाच घरात आईबापांनी देश सोडावा आणि मुलांनी तेथेच राहावे, असा कायदा लागू होतो. झळ नेपाळमध्येही पोहोचते, कारण त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे चतुर्थांश भाग बाहेरगावी गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशावर उभा आहे.

‘तात्पुरते आहे, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते ना?’ असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. पण एल साल्वादोरच्या लोकांना २००१ च्या भूकंपानंतर मिळालेले हेच संरक्षण दोन दशकांहून अधिक काळ वाढत राहिले. जे सरकार दर दीड वर्षाने मुदतवाढ देते, ते माणसाला तेथे घर घ्यायला, दुकान टाकायला आणि मुले वाढवायला प्रत्यक्षात सांगतच असते. अशा सरकारला मुदतवाढ थांबवण्याचा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. दहा वर्षांचा संसार ६० दिवसांत उचलायला सांगणे मात्र मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. माझी मुलगी टेक्सासमध्ये असते. जावई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि ती त्यांची पत्नी म्हणून एच-४ वर असून वर्क परमिटवर नोकरी करत होती. परमिटची मुदत संपली, नवे अजून आले नाही, म्हणून तिला नोकरी थांबवावी लागली. तिच्या धाकट्या भावाच्या शिक्षणकर्जाचा हप्ता तीच भरत होती. अर्ज वेळेत केला होता, असे ती म्हणते. मग असे कसे झाले? आता तिला तेथे राहता येईल का?

उत्तर : राहता येईल. मुलीचा तेथील मुक्काम वर्क परमिटवर अवलंबून नसून एच-४ दर्जावर अवलंबून आहे आणि त्याची मुदत आय-९४ या नोंदीत लिहिलेली असते. ती तारीख पुढची असेल आणि जावयांची नोकरी शाबूत असेल, तर तिचे राहणे कायदेशीर आहे. नवे कार्ड हाती येईपर्यंत तिने कोणतेही पगारी काम करू नये, घरबसल्यासुद्धा नाही. कारण विनापरवाना काम केल्याची नोंद पुढे ग्रीन कार्डच्या वेळी आड येऊ शकते.

आपली मुलगी खोटे बोलत नाही. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत केला की जुने परमिट ५४० दिवसांपर्यंत आपोआप पुढे चालत असे. एच-४ वाल्यांना आय-९४ ची तारीख येईपर्यंत त्याचा लाभ मिळे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही सवलत राहिली नाही. त्यामुळे कालपर्यंत ‘वेळेत’ असलेला अर्ज आज उशिराचा ठरतो. हा अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी करता येतो आणि यापुढे तो पहिल्याच दिवशी करावा, असे तिला सांगा. एच-४ वाल्यांना काम करू देणारा २०१५ चा मूळ नियम मात्र अद्याप टिकून आहे.

हप्त्याविषयी बँकेत आत्ताच जाऊन लेखी अर्ज द्या. दोन-तीन हप्ते थकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेल्या माणसाला हप्त्यांची फेरआखणी मागणे सोपे जाते. तिने लगेच भारतात यावे का, हे आपण विचारले नाही, पण नातेवाईक ते सुचवतील. तिचा कोणताही अर्ज प्रलंबित असताना वकिलाला विचारल्याशिवाय तिने देश सोडू नये. आणि एक विनंती : ‘नोकरी का सुटली’ असे पाहुण्यांपैकी कोणी विचारले, तर उत्तर आपण द्या. दर फोनवर तिला ते सांगायला लावू नका.

प्रश्न : बीडमधील एक एजंट सांगतो की, मुलगा कसाही करून अमेरिकेत पोहोचला की तेथे ‘तात्पुरते संरक्षण’ मिळवून देतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ठेवू नये. वर सांगितल्याप्रमाणे ते संरक्षण भारतीयांना नाहीच. आश्रयाचा अर्ज ही वेगळी गोष्ट आहे. तो ज्याचा त्याने, स्वतःवर झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या छळाच्या आधारावर करायचा असतो आणि त्यात जाणूनबुजून रचलेली खोटी हकिगत सिद्ध झाली तर पुढचे सगळे मार्ग कायमचे बंद होऊ शकतात. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातील माणसेही होती. एजंटाला पैसे दिले असतील तर पावती, बँकेची नोंद आणि मोबाइलवरील संदेश जपून ठेवून पोलिसांत तक्रार द्या.

प्रश्न : जालन्यात आमच्या शेजारी पाकिस्तानातून आलेले एक सिंधी हिंदू कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते. ‘आता २०२४ पर्यंत आलेल्या सगळ्यांना नागरिकत्व मिळणार’ असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही, आणि हा घोळ अनेकांच्या मनात आहे. दोन तारखा दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ चा, त्याचे नियम मार्च २०२४ मधले. त्यानुसार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन व्यक्तींना नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या आदेशातील आहे. तो आदेश परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याखाली निघाला असून त्याच समूहांतील लोकांना कागदपत्रांशिवाय किंवा मुदत संपलेल्या कागदपत्रांवर राहिल्याबद्दलच्या कारवाईतून तो सूट देतो. राहू देणे आणि नागरिक करून घेणे यांत मोठे अंतर आहे. २०१४ नंतर आलेल्यांसाठी नागरिकत्वाचा जुना, अधिक वर्षांच्या वास्तव्याचा मार्गच उरतो.

आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे येथे आसरा मिळतो तो त्या त्या वेळच्या आदेशांवर. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळण्यात आले होते. पण ते स्पष्ट होईपर्यंत अशा घरांतील लोकांची झोप उडाली असेल, यात नवल नाही. नेपाळी कुटुंबांविषयी औशाच्या गुरुजींना वाटणारी कळकळ जालन्यातील शेजाऱ्यांच्या वाट्यालाही यावी, असे मला मनापासून वाटते. त्या कुटुंबाने प्रत्येक सदस्याची भारतात प्रवेश केल्याची तारीख आणि व्हिसाची मुदत एका वहीत लिहून ठेवावी, मुदत संपण्याच्या पुरेसे आधी जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नागरिक नोंदणी कक्षात नूतनीकरणाची चौकशी करावी आणि केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. त्यांना मराठी वाचणे अवघड जात असेल तर आपण सोबत जावे.