वाढत्या व्यवसायासाठी माणसे निवडताना उमेदवाराला खरोखर काय हवे आहे, हे कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की 14 माणसांचा कारखाना वर्षभरात 30 पर्यंत न्यायचा आहे, पण मुलाखतीत ‘मला शिकायचे आहे, पुढे जायचे आहे’ असे सांगणारे उमेदवार सहा महिन्यांत सोडून जातात. तेव्हा त्यांच्या मनात काय आहे हे आधी कळावे कसे? बडोद्यातील मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) आमचे इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल तयार करण्याचे युनिट आहे आणि आम्ही याच टप्प्यातून गेलो आहोत, म्हणून अनुभवावरून लिहितो.

‘या नोकरीकडून आपली काय अपेक्षा आहे?’ हा प्रश्न मी विचारणे बंद केले, कारण त्याचे उत्तर उमेदवार घरूनच पाठ करून येतो. त्याऐवजी मी घडून गेलेल्या गोष्टी विचारतो: आधीची नोकरी सोडण्याचा विचार पहिल्यांदा कधी आला, त्या दिवशी काय झाले होते, आणि अलीकडे कोणत्या दिवशी काम संपवून घरी जाताना समाधान वाटले. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना साधारण असेच प्रश्न विचारले होते. समाधानाच्या आठवणी बहुतेक यश, कौतुक आणि जबाबदारीच्या निघाल्या, तर नाराजीच्या आठवणी कंपनीच्या धोरणांच्या आणि वरिष्ठांच्या वागणुकीच्या. माणूस यशाचे श्रेय स्वतःला देतो आणि अपयशाचा दोष परिस्थितीला, असा आक्षेप त्या निष्कर्षांवर घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. म्हणूनच मी उमेदवाराच्या मतापेक्षा प्रसंगाच्या तपशिलाकडे अधिक लक्ष देतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे उमेदवार आपल्याला काय विचारतो, आणि इथे माझी मोठी चूक झाली. बडोद्याजवळच्या पादरा गावाहून येणाऱ्या एका आयटीआय झालेल्या वायरमनने मुलाखतीत दोन वेळा विचारले होते की संध्याकाळी नक्की किती वाजता सुटतो. मी मनातल्या मनात ‘कामचुकार दिसतो’ अशी नोंद केली, तरी हात चांगला म्हणून त्याला घेतले, आणि माल रवाना करण्याच्या (डिस्पॅचच्या) आठवड्यात रात्री नऊपर्यंत थांबवू लागलो. पाचव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला, तेव्हा कळले की वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि संध्याकाळनंतर त्यांच्याजवळ दुसरे कोणीच नव्हते. त्याने मला सगळे सांगितले होते; मीच ऐकले नाही. सकाळी सातची वेळ दिली असती तर तो आजही आमच्याकडे असता, याची मला खंत आहे.

याउलट टेस्टिंगसाठी आलेल्या एका डिप्लोमाधारक मुलीने न विचारता मोबाइलवर स्वतः केलेल्या वायरिंगचा फोटो दाखवला. प्रत्येक वायरच्या टोकाच्या फेरूलवरचा, म्हणजे ओळखीसाठी घातलेल्या छोट्या नळीवरचा, क्रमांक एकाच दिशेने वाचता येत होता, आणि ते दाखवताना ती पगाराचा विषय विसरून गेली होती. अशा व्यक्तीला आपले काम कोणीतरी बारकाईने पाहावे असे वाटते. आम्ही टेस्ट रिपोर्टवर तिची सही ठेवली आणि ग्राहक तपासणीला आला की पॅनेल तीच दाखवते.

आपला व्यवसाय वाढत असल्यामुळे आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. 14 माणसांत खरेदीपासून लोडिंगपर्यंत सगळीकडे हात घालायला आवडणारा माणूस 30 माणसांत, कामाच्या वाटण्या झाल्यावर, गुदमरतो. आणि ठरलेले काम ठरलेल्या रीतीने करणारा माणूस आजच्या धावपळीत गोंधळून जातो. म्हणून उमेदवाराला आजच्या कारखान्याचेही चित्र स्पष्ट सांगा आणि वर्षानंतरच्याही, आणि कोणत्या चित्राबद्दल तो अधिक प्रश्न विचारतो ते पाहा. जे पद निर्माण होण्याची खात्री नाही, त्याचे आमिष कृपा करून दाखवू नका.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो. बडोद्याजवळच्या सावली आणि हालोल या गावांतील मोठ्या कारखान्यांशी पगारात आपण बरोबरी करू शकणार नाही, पण स्थैर्य ही अनेकांची खरी गरज असते. 20 कर्मचारी झाले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा आपल्याला लागू होईलच. तो पुढे न ढकलता मुलाखतीतच सांगा, कारण ‘पीएफ कापतात का?’ हा प्रश्न बहुधा घरातील वडीलधाऱ्यांचा असतो, आणि हातात येणाऱ्या रकमेइतकाच तो निर्णायक ठरतो.

मुलाखत शक्यतो उमेदवाराच्या भाषेत घ्या. इंग्रजीत ‘ग्रोथ’ म्हणणारा मुलगा गुजरातीत किंवा मराठीत बोलू लागला की बहिणीचे लग्न, घराचा हप्ता, आधीच्या सुपरवायझरने चारचौघांत केलेला अपमान, असे सगळे हळूहळू बाहेर येते. त्या वेळी मध्ये न बोलता ऐकावे आणि तो गेल्यावर त्याच्याच शब्दांत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. रुजू झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी तो कागद त्याच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, ‘यांतले काय मिळाले आणि काय राहिले?’ जे राहिले असेल त्यासाठी काय करता येईल, हे त्याच बैठकीत ठरवून तारीख घालतो.