कबुली दिली म्हणजे गुन्हा केला?

प्रश्न : इंग्लंडमधल्या 1612च्या पेंडल खटल्यात काही आरोपींनी चेटूक केल्याचं स्वतःच कबूल केलं होतं. मग त्यांना निर्दोष कसं म्हणायचं?

उत्तर : आधी कबुली कशाची होती ते बघा. आरोपींपैकी अ‍ॅलिझन डिव्हाइसने कोल्नजवळ जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत आणि थोड्याच वेळात तो कोसळला. तोंड वाकडं, बोलणं अस्पष्ट, डावी बाजू लुळी: नोंदीतलं हे वर्णन सरळ पक्षाघाताचं आहे. आपल्यामुळेच हे घडलं असं मात्र तिला मनापासून वाटत होतं. भर कोर्टात गुडघे टेकून तिने त्याची माफी मागितली.

आता 1604चा कायदा. दुष्ट आत्म्याला नुसतं बोलावलं तरी फाशी. कुणाला इजा झालीच पाहिजे अशी अट नव्हती. दुष्ट आत्मा जनावराच्या रूपात येतो असा समज होता. म्हणजे ‘काळा कुत्रा माझ्याकडे येतो’ असं सांगणारी बाई स्वतःच्या तोंडाने गळफास ओढून घेत होती. अ‍ॅलिझनची आजी डेमडाइक हिने मातीची बाहुली करून वाळवायची आणि जो अवयव दुखवायचा तिथे काटा टोचायचा, ही कृतीही सांगितली होती. असले तोडगे ती खरंच करतही असेल. त्याने माणूस मरत नाही, एवढंच.

अ‍ॅलिस नटर या दुसऱ्या आरोपीचं प्रकरण निराळं. तिने शेवटपर्यंत काहीच कबूल केलं नाही. तिच्याविरुद्ध होते ते डिव्हाइस कुटुंबाचे जबाब, आणि त्यात जेनेट ही साधारण नऊ वर्षांची पोर. ते जबाब बाजूला काढले तर हाती काही उरत नाही. तरी तिला फाशी झाली.

मुलांची साक्ष तपासणं त्या काळी अशक्य होतं, असंही नाही. कोर्टाच्या त्याच अधिवेशनात, त्याच न्यायाधीश ब्रॉम्लींपुढे सॅम्सबरी गावच्या तीन बायका चेटकाच्याच आरोपावरून उभ्या होत्या. ‘या मुलीला विचारा,’ अशी त्यांनी विनवणी केली. आरोप करणाऱ्या चौदा वर्षांच्या ग्रेस सोअरबट्सची उलटतपासणी झाली, एका कॅथलिक पाद्र्याने पढवल्याचं बाहेर आलं आणि तिघी सुटल्या. (पाद्री दोषी ठरणं प्रोटेस्टंट कोर्टाला सोयीचंच होतं.) ब्रॉम्लींनी जेनेटचीही परीक्षा घेतली, पण ती कैद्यांमधून आरोपी ओळखून दाखवण्यापुरती; तिला कुणी पढवलंय का, याची तपासणी झाल्याचं दिसत नाही.

नोंदी वाचताना एक ध्यानात ठेवा: जबाबात प्रश्न गाळलेले असतात, कारकून सलग निवेदन लिहितो. त्यामुळे कुठला तपशील आरोपीचा आणि कुठला दंडाधिकारी रॉजर नोवेल यांनी सुचवलेला, हे वेगळं काढता येत नाही. खटल्याचा वृत्तान्त कोर्टाचे कारकून थॉमस पॉट्स यांचा, आणि तो छापण्याआधी ब्रॉम्लींनीच तपासला होता. शिवाय अशा गुन्ह्यात आरोपीला वकील मिळत नसे.

प्रश्न : या बायकांना जिवंत जाळलं का?

उत्तर : नाही. लँकेस्टरला 20 ऑगस्ट 1612 रोजी दहा जणांना फाशी दिली, त्यांत दोन पुरुष होते. इंग्लंडमध्ये चेटकाला फाशीच होती. 1645 मध्ये इप्सविचला मेरी लेकलंडला जाळलं, ते नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून.