'तुम्ही म्हणाल ते' म्हणणारी मुलगी

"मॅडम, हिला स्वतःचं मतच नाही. काहीही विचारा, 'तुम्ही म्हणाल ते'!" मी करिअर समुपदेशक; बारावीच्या निकालानंतर ही तक्रार घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात. सांगोल्याकडचे हे वडील त्यातलेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सायन्सची, गुण चांगले. कल चाचणीत मात्र जवळजवळ प्रत्येक विधानापुढे 'सांगता येत नाही' अशी खूण.

आमच्या चाचण्यांच्या पोटात एक गृहीतक असतं. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं, तेव्हापासून रीत अशी: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या, मग दोन्हींचा मेळ घाला. पुढे डोनाल्ड सुपर यांनी १९५३ मध्ये मांडलं की करिअर म्हणजे स्वप्रतिमा कामातून प्रत्यक्षात आणणं. यातला 'स्व' बहुतेक वेळा एकट्याचा. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या 'स्व'कडे लक्ष वेधलं. तो नात्यांतून घडतो, आणि आशियातल्या अनेक समाजांत तोच जास्त दिसतो. अशा मुलीला "तुला काय आवडतं?" विचारलं की ती गप्प बसते. मत नसतं म्हणून नव्हे. प्रश्नच तिच्या घरातला नसतो.

मी कागद बाजूला ठेवला. "घरातलं कुठलं काम तुझ्यावाचून अडतं?"

मग ती थांबेचना. डाळिंबाच्या फवारण्यांची वही तिच्याकडे. आडत्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली की हमाली-तोलाई बरोबर कापली का, हे तीच बघणार. पानावर तेल्या रोगाचे डाग दिसले की वडील पहिली हाक तिलाच मारतात. या सगळ्यात 'मला आवडतं' एकदाही नाही, 'आमच्या बागेत' मात्र दर वाक्याला.

पण इथेच हुरळून जायचं नसतं. 'तुम्ही म्हणाल ते'मागे कधी कधी निव्वळ धाक असतो. म्हणून मी मुलांशी पालकांशिवाय बोलते आणि विचारते, "उद्या घरचे म्हणाले, तू म्हणशील ते, तर?" धाक असला तर भलत्याच कोर्सचं नाव पटकन बाहेर येतं. ही थोडा वेळ गप्प राहिली. "तरी बागेचंच काहीतरी. पण लग्न झाल्यावर बाग माझी कुठं राहणार?"

म्हणजे अडलं होतं ते इथे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. पण घरात तो कुणी उच्चारत नाही, आणि तो मिळवून देणं माझं कामही नाही. मी तिच्याशी बोलले ते बी.एस्सी. ॲग्री आणि पुढे वनस्पती रोगशास्त्र यांबद्दल. तेल्या ओळखणारी नजर एका सातबाऱ्याला बांधलेली नसते. तिच्या परवानगीनं हे वडिलांसमोरही मांडलं. लग्नाचा विषय निघाल्यावर ते बराच वेळ खाली बघत होते. नंतर त्यांनी फी विचारली, वसतिगृह विचारलं.

पसंतीक्रम भरताना वडिलांना जवळची कॉलेजं वर हवी होती. तिनं पुण्याचं कृषी महाविद्यालय पहिलं टाकलं आणि म्हणाली, "सुट्टीत छाटणीला येईनच की."