रिगली फील्डला डॉजर्सची जर्सी घालून जाऊ का?

प्रश्न: आम्ही लॉस एंजेलिसला राहतो, घरात सगळेच डॉजर्सवाले, म्हणजे इथल्या बेसबॉल टीमचे चाहते. या उन्हाळ्यात शिकागोला रिगली फील्डवर डॉजर्सची मॅच बघायला जायचा बेत आहे, दुसऱ्यांच्या मैदानावर पहिल्यांदाच चाललोय. इथे आम्ही नेहमी थर्ड बेसच्या बाजूला (बॅटरच्या मागून बघितलं तर डावीकडे) बसतो, आपले प्लेअर जवळून दिसतात म्हणून. तिथेही तीच बाजू घेऊ का? आणि जर्सीवरून कोणी त्रास देईल का?

उत्तर: तिकीट अजून काढलं नसेल तर बरंय. डॉजर स्टेडियमला होम टीमचा डगआउट (प्लेअर बसतात ती जागा) थर्ड बेसला आणि रिगलीलाही थर्ड बेसलाच, फक्त तिथे होम टीम म्हणजे कब्स! सवयीने थर्ड बेसला जाऊन बसलात तर बरोबर कब्सच्या डोक्यावर बसाल. डॉजर्स समोर, फर्स्ट बेसला. हे प्रत्येक पार्कात, म्हणजे बेसबॉलच्या मैदानात, वेगळं असतं, बॉस्टनला होम टीम फर्स्ट बेसला आहे, त्यामुळे सीट मॅप उघडला की आधी डगआउट शोधायचा आणि मग किंमत बघायची.

पण गोची अशी की रिगलीला अजूनही दुपारच्या मॅच भरपूर असतात (लाइट्सच 1988 साली आले तिथे) आणि दुपारी सावली आधी येते ती थर्ड बेसच्या बाजूला. फर्स्ट बेसला बसलं की दिवस कलताना ऊन तोंडावर. म्हणजे आपले प्लेअर हवेत की सावली हवी ते घरात आधी ठरवा. मला विचाराल तर रात्रीची मॅच असेल तर डोळे मिटून फर्स्ट बेस, दुपारची असेल आणि बरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर कब्सवाल्यांत बसायला हरकत नाही, माणसं बरी असतात. वरच्या मजल्याखालच्या मागच्या रांगांत सावली मिळते खरी पण तिथे खांब आडवे येतात, 1914 चं बांधकाम आहे ते, आणि डोक्यावर छत आल्यामुळे उंच उडालेला बॉल मध्येच दिसेनासा होतो आणि मग लोक ओरडले की कळतं काय झालं ते. सीट घेताना तिकिटावर ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू (म्हणजे समोर काहीतरी आडवं येतं) असं लिहिलंय का ते बघाच.

जर्सी बिनधास्त घाला. कब्सही निळेच, लांबून कोणाला पटकन कळणारही नाही. टोमणे बसतील, हसून घ्यायचे. फक्त ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डच्या बाकांवर, एक प्रथा आहे ती माहीत असू द्या: पाहुण्या टीमने मारलेला होमरनचा (क्रिकेटच्या सिक्ससारखा, प्रेक्षकांत गेलेला) बॉल हातात आला तर आजूबाजूचे सगळे 'फेक, फेक' करून तो मैदानात परत टाकायला लावतात. एरवी बेसबॉलमध्ये क्रिकेटसारखा बॉल परत द्यावा लागत नाही, ज्याने पकडला त्याचा. तुमच्याच माणसाने मारलेला होमरन तुम्हालाच फेकून द्यायला सांगतील, तेव्हा जीवावर येईल! म्हणून काही हुशार लोक खिशात एक जुना बॉल ठेवतात आणि तोच फेकतात. पण हे दुसऱ्या कुठल्या पार्कात करायला जाऊ नका, मैदानात काही फेकलं की सिक्युरिटी थेट बाहेर काढू शकते.

अजून एक, हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. मॅचच्या आधी बॅटिंग प्रॅक्टिस होम टीम पहिली करते आणि पाहुणी टीम नंतर. गेट उघडेपर्यंत घरच्यांची प्रॅक्टिस बऱ्याचदा उरकत आलेली असते, म्हणजे आत जाऊन बघायला मिळतात ते तुमचेच बॅटर. घरी जे सहसा चुकतं ते पाहुणा म्हणून गेल्यावर मिळतं, तेव्हा गेट उघडताना हजर राहा. दुपारच्या मॅचला मात्र कधीकधी मैदानावर प्रॅक्टिस होतच नाही.

गाडी नेऊ नका. रेड लाइन मेट्रोने अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलं की समोर स्टेडियम. एअरपोर्टवरून बॅगा घेऊन तर अजिबात जाऊ नका, बॅगेच्या साइझचे नियम प्रत्येक पार्काचे वेगळे आहेत, ते आदल्या दिवशी क्लबच्या साइटवर बघून घ्या, आणि तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये आधीच टाकून ठेवा, गेटवर गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

प्रश्न: एवढ्या लांब जायचं आणि पाऊस पडला तर? पैसे परत मिळतात का?

उत्तर: बहुतेक वेळा रोख परत नाही मिळत, पुढे ढकललेल्या मॅचला तेच तिकीट चालतं, पण तोवर तुम्ही घरी परत आलेले असणार. आणि नऊपैकी पाच इनिंग (डाव) झाल्यानंतर (होम टीम पुढे असेल तर साडेचार) पावसाने मॅच थांबवली तर ती पूर्ण झाली असं धरता येतं, मग संपलंच. म्हणून सिरीजच्या शेवटच्या मॅचचं तिकीट काढून त्याच रात्री परतीची फ्लाइट असलं काही करू नका. पहिली मॅच बघा, म्हणजे ती बुडाली तर दुसऱ्या दिवशी डबलहेडरमध्ये (एकाच दिवशी दोन मॅच) मिळायचा चान्स राहतो. पावसाची फारच धास्ती असेल तर डॉजर्स मिलवॉकीला कधी जातायत ते बघा, तिथल्या स्टेडियमचं छप्पर बंद करता येतं, आणि शिकागोहून ट्रेनने साधारण दीड तासात पोचता येतं.