वादग्रस्त नव्या धर्मपंथांत वाढलेल्या मुलांवर तिथल्या श्रद्धांचा काय परिणाम होतो?

श्रद्धा विचित्र आहे एवढ्यावरून मुलाचं नुकसान ठरत नाही. ती त्याच्या रोजच्या जगण्यात कशी उतरते ते बघावं लागतं. 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज' पंथात मुलांना छडीने मारणं हे बायबलने सांगितलेलं कर्तव्य मानतात. जर्मनीत मुलांना मारणं बेकायदा आहे. म्हणून २०१३ मध्ये बव्हेरियातल्या त्यांच्या वस्त्यांमधून सुमारे ४० मुलं प्रशासनाने ताब्यात घेतली. पालक युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या हक्कांचा भंग झालेला नाही, असा निकाल २०१८ मध्ये लागला. तिथे प्रश्न माराचा होता, पंथाचा नव्हे, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरं म्हणजे, मोठी माणसं पंथ स्वतः निवडतात, मुलं त्यात जन्मतात. बाहेर पडणाऱ्या मोठ्या माणसाला निदान जुनी ओळख, जुने मित्र असतात. तिथेच वाढलेल्याला मात्र बाहेरचं जग पहिल्यांदाच शिकावं लागतं, आणि आईवडील आतच राहिले तर अनेकदा तेही दुरावतात. अशा कुणाला मदत करायची असेल तर आधी राहायची जागा, ओळखपत्रं, अर्धवट राहिलेलं शिक्षण यांचं बघा. श्रद्धेबद्दल ते बोलतील, त्यांना बोलावंसं वाटेल तेव्हा.