वाचक विचारतात : पंचवीस हजार क्युसेक म्हणजे आमच्या दारात किती पाणी?

प्रश्न : आमची वस्ती हवेली तालुक्यात मुळा-मुठेच्या काठी, सखल जागी आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याचा संदेश मोबाइलवर येतो तेव्हा आमच्याकडे अनेकदा लख्ख ऊन असते. नुसत्या आकड्यावरून घर केव्हा सोडायचे, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपल्याकडच्या उन्हाचा आणि नदीच्या पाण्याचा संबंध फार थोडा आहे. मुठेला पूर येतो तो टेमघर, वरसगाव आणि पानशेत या धरणांच्या घाटमाथ्याकडील पाणलोटातून. ही धरणे भरत आली की त्यांचे पाणी खडकवासल्यात उतरते, आणि खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (दोन अब्ज घनफूट) असल्याने ते फार काळ थोपवून धरता येत नाही.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. त्या हिशेबाने 25,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सात लाख लिटर पाणी. पण हा हिशेब मांडूनही आपल्या दारातले पाणी कळत नाही, कारण पुण्यात संगमावर मुठेला मुळा मिळते आणि मुळेबरोबर मुळशी व पवना या धरणांचे पाणीही येते. म्हणून आपल्या गावासाठी खडकवासल्यापेक्षा संगमाच्या खाली बंडगार्डन येथे मोजलेला विसर्ग अधिक उपयोगाचा. त्यातही पुढे भीमा आधीच दुथडी वाहत असेल, तर मुळा-मुठेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही आणि ते मागे फुगते. एकाच आकड्याला एका वर्षी बांध बुडतो आणि दुसऱ्या वर्षी गोठ्यात पाणी शिरते, ते यामुळे.

शहरातल्या माणसाला मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला की पुराचा अंदाज येतो. गावालाही अशी स्वतःची खूण हवी. घाटाच्या पायऱ्यांवर किंवा पुलाच्या खांबावर एकेक फुटाच्या अंतराने ऑइलपेंटचे पट्टे ओढावेत, आणि बंडगार्डनचा आकडा, त्याची वेळ व पाणी कोणत्या पट्ट्यापर्यंत किती वाजता पोहोचले, हे लिहून ठेवावे. माझ्या पाहण्यातील एका शेतकऱ्याने दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर अशा नोंदी केल्या आहेत. ‘रात्री दहा, पहाटे चौथी पायरी’ एवढेच लिहिलेले असते, पण त्यांच्या वस्तीला कोणत्याही संदेशापेक्षा ते लवकर समजते.

घर सोडण्याची वेळ मात्र नदीकडे पाहून नव्हे, ओढ्याकडे पाहून ठरवावी. नदी चढली की ओढ्याचे पाणी नदीत उतरत नाही, उलट नदीचेच पाणी ओढ्यातून मागे येते आणि गावाच्या पाठीमागचा रस्ता, बहुधा एखादा बुटका फरशी पूल, अंगण कोरडे असतानाच बंद होतो. त्या फरशीला पाणी लागण्याआधी म्हातारी माणसे, लहान मुले आणि जनावरे उंचावर पोहोचलेली असावीत. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर वाहत्या पाण्यातही धडधाकट माणसाचे पाय सुटतात आणि दोन फूट पाण्यात मोटारगाडीसुद्धा वाहून जाते. जनावरे नेणे शक्य नसेल, तर निदान दावी सोडावीत. मोकळे जनावर बऱ्याचदा पोहून वर निघते, बांधलेल्याला ती संधीच नसते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती काठावरच्या पाणी उपसण्याच्या मोटारींची. पाणी चढू लागले की मोटार काढायला माणूस अंधारात नदीवर जातो, स्टार्टरच्या पेटीला ओल लागलेली असते आणि केबल पाण्यात असते. मोटार दुसरी घेता येते, हे सांगणे मला सोपे आहे, हे मी जाणतो. म्हणून मोटार काढायचीच असेल तर पहिल्या संदेशाला, दिवसाउजेडी आणि डीपीवरून (वीज वितरणाच्या पेटीवरून) वीज बंद करवूनच काढावी. 25 जुलै 2024 रोजी पुण्यात डेक्कन भागात नदीकाठी तिघे जण गेले, ते बुडून नव्हे, विजेच्या धक्क्याने.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर घरात केव्हा जावे, आणि विहिरीचे पाणी कधी वापरावे?

उत्तर : आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी, भिंती व वायरिंग वाळून वायरमनने तपासल्याशिवाय तो चालू करू नये. विहीर उपसून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी आणि ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन आहे का, याची तपासणी) होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. गाळ काढताना पायात गमबूट हवेत, कारण जखमेतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. सरपण आणि कडब्याची गंजी हाताने न उचलता आधी काठीने हलवावी. पुरात घोणस, नाग अशाच कोरड्या आडोशाला येतात. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे यात वेळ न घालवता, चावलेला भाग हलू न देता 108 ला फोन करून प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.